लोड आल्यावर

उणे एकतीस. दुकानाच्या पायऱ्या उतरताना
ल्हामजावांनी पेटी मेंढीच्या कातड्यात गुंडाळून छातीशी धरलेली.
"ग्राफिक्स कार्ड गेलंय,"
खुर्चीत टेकायच्या आधीच निदान.
मी म्हटलं, ठेवा तिथे. लगेच चालू करायची नाही.
बाहेरच्या थंडीतून आलेल्या धातूला घाम फुटतो,
तो वाळेपर्यंत चहा घ्या. मिठाचा आहे.

दीड तास आम्ही कोणीच काही बोललो नाही.
ते खिडकीकडे बघत होते, जिच्यातून
फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात.

मग मी स्टोव्हच्या नळकांड्याला बोट टेकवलं.
उलानबातरच्या कोरड्या हिवाळ्यात
माणूस म्हणजे एक चालती ठिणगी,
एका बोटात अख्खा बोर्ड जाळू शकते.

बटण. पंखे फिरले, चित्र आलं,
गेम उघडला, आणि चार मिनिटांत पडदा काळा.
कार्ड काढलं, केबल बोर्डाच्याच खाचेत खुपसली:
तासभर चित्र हललं नाही.
"बघा!" ते म्हणाले.
मुलगाही तेच म्हणत होता म्हणे, अन्सानहून, फोनवर,
रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत.
नव्या कार्डाचे पैसे पाठवतो म्हणाला होता.

थांबा, मी म्हटलं.
चोर सोडून संन्याशाला फाशी
या धंद्यात रोज दिली जाते.

त्यांचं कार्ड माझ्या मशीनमध्ये बसवलं, तापवलं,
अठ्ठ्याहत्तर अंशांवर तासभर घुमत ठेवलं.
एक रेघ नाही. एक ठिपका नाही.

राहिला पॉवर सप्लाय.
पिन वाकवली, हिरवी तार काळीला जोडली,
पंखा गरगरला. त्यांचा चेहरा म्हणाला, हा तर ठणठणीत.
पण आखाड्याबाहेर सगळेच मल्ल.

बापाचं जुनं रशियन मीटर काढलं, काट्याचं,
काच तडकलेली.
पिवळ्या तारेत बारा.
कार्ड त्याच्या जागी परत बसवलं, गेम लावला.
साडेअकरा.
अकरा.
काटा थरथरत अकराच्या खाली उतरला,
आणि ल्हामजाव उठून उभे राहिले.

"सात वाजले," ते म्हणाले.
घड्याळात पावणेचार झाले होते.

तीस वर्षं थर्मल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये
त्यांनी काटेच बघितले होते, हे मला तेव्हा कळलं.
जानेवारीत सातला, टेकडीवरच्या सगळ्या गेरांमध्ये
हीटर लागतात, आणि काटा असाच,
"अस्साच," त्यांनी हाताने दाखवलं,
"गुडघा टेकायला निघतो."
पडदा काळा झाला. त्यांनी मान डोलावली.
इतक्या वेळात पहिल्यांदाच
आम्ही एकाच भाषेत बोलत होतो.

सप्लाय बाहेर काढला. उघडायचा नाही, मी बजावलं,
बंद पडला तरी आत वीज दबा धरून असते.
जाळीतून टॉर्च मारला:
एका कपॅसिटरचं डोकं भाकरीसारखं फुगलेलं,
आणि सगळीकडे, पंख्याच्या पात्यांवर, तारांच्या बेचक्यांत,
काजळी. कोळशाची, मऊ, तेलकट.
त्यांनी बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं,
अंगठ्यावर चोळलं, आणि पुसलं नाही.

नवा सप्लाय साडेसहाशे वॅटचा.
आकडा ऐकून ते इतके हसले की ठसका लागला.
"वॅट," म्हणाले. "नुसते वॅट."

पावती लिहिताना मी सांगितलं:
सप्लायची हमी दोन वर्षं. कार्डाची मी देत नाही,
इतके दिवस उपाशी पळालेलं आहे ते,
उद्याही पळेल, परवाचं मला माहीत नाही.
त्यांनी पावती टोपीत ठेवली.
मुलाला फोन लावला, आणि कार्डाविषयी एक शब्द न काढता
विचारलं, तिकडे आज जेवलास का.